तीन तोंडं, तीन ताटं

घरात एक कुत्रा असला की त्याच्या जेवणाचं भांडं हा काही विचार करायचा विषय नसतो. कल्हई उडालेलं एखादं पातेलं किंवा कान तुटलेली कढई मागच्या दाराशी ठेवली की काम भागतं. कुत्रे दोन झाले की भांडी दोन होतात. तीन झाले की मात्र रोज सकाळ-संध्याकाळ घरात एक छोटी पंगत बसते, आणि पंगत म्हटली की कोण कुठे बसणार, कोणाला काय वाढायचं आणि कोण कोणाच्या ताटात हात घालतंय, हे सगळं आलंच.

आमच्या घरी सध्या तीन आहेत. राजा हा चार वर्षांचा जर्मन शेफर्ड, वजन चौतीस किलो. चिंगी ही पग, दादाने बंगळूरला जाताना ‘दोन महिने सांभाळा’ म्हणून सोडलेली. त्या दोन महिन्यांना आता पाच वर्षं झाली. आणि मोती, गल्लीतलाच, साधारण बारा वर्षांचा, पुढचे चार दात गेलेले. आम्ही माधव नगरात राहतो. कागदोपत्री माधव नगर, पण इथे सगळ्यांच्या तोंडात फ्रीगंजच. टॉवरपासून चालत दहा मिनिटांवर घर आहे, पुढे छोटं अंगण, मागे मोरी. एवढ्याच जागेत ही पंगत बसवायची असते.

गेल्या वर्षभरात आमच्याकडे ‘हळू जेवायच्या भांड्या’वर जेवढी चर्चा झाली तेवढी माझ्या लग्नावरही झालेली नाही. ज्यांनी ही भांडी पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इंग्रजीत त्यांना स्लो फीडर म्हणतात. वाडग्याच्या आत उंचवटे, वळणं, खाचा असतात. अन्न त्यांच्यामध्ये पसरतं, म्हणून कुत्र्याला एका घासात सगळं उचलता येत नाही. जीभ वळवून, नाक घालून थोडं थोडं काढावं लागतं. आजीने पहिल्याच दिवशी त्याचं नाव भुलभुलैया ठेवलं. तेच आता घरात रूढ आहे.

कुत्रा घाईने खातो तो काही हावरेपणामुळे नाही. त्याच्या पूर्वजांना शिकार रोज मिळत नसे, आणि मिळाली तरी ती कळपात वाटून घ्यावी लागे. जो आधी गिळेल त्याचं पोट भरेल, हाच हिशेब. दात पाहिले तरी कळतं, ते फाडायला आणि तोडायला आहेत, आपल्यासारखे बारीक चावायला नाहीत. त्यात सोबत दुसरा कुत्रा असला की वेग आणखी वाढतो. पिल्लं एकटी जेवताना जेवढी खातात त्यापेक्षा भावंडांबरोबर जास्त खातात, हे प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांचं जुनं निरीक्षण आहे. लॅब्रेडॉरची गोष्ट तर निराळीच. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं, की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळलेला असतो, आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ जास्त असते. तेव्हा तुमचा लॅब्रेडॉर जेवून उठल्यावर पाचव्या मिनिटाला पुन्हा ताटाशी येऊन बसत असेल, तर त्याला ‘खादाड’ म्हणण्याआधी थोडं थांबा.

पण घाईने खाणं ही नुसती गमतीची गोष्ट नाही. राजाच्या आधी आमच्याकडे टायगर होता, तोही जर्मन शेफर्डच. २०१७ च्या हिवाळ्यात एका रात्री जेवण झाल्यावर तासाभराने तो अस्वस्थ झाला. एका जागी बसेना, ओकारी काढायचा पण बाहेर काही पडायचं नाही, तोंडातून लाळ गळायला लागली, आणि पोट ढोलकीसारखं ताणलं गेलं. बाबांनी इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, वेळ घालवू नका, इंदूरला न्या, शस्त्रक्रिया लागेल. उज्जैन ते इंदूर पंचावन्न किलोमीटर. मी मागच्या सीटवर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. सांवेरच्या जवळ तो गेला.

या आजाराला डॉक्टर जीडीव्ही म्हणतात, साध्या भाषेत ब्लोट. जठरात हवा भरते, ते फुगतं आणि स्वतःभोवती पिळलं जातं. मग आत आलेली हवा बाहेर पडत नाही, रक्तपुरवठा तुटतो, आणि काही तासांत सगळं संपतं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांना हा धोका जास्त असतो: ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, डॉबरमन, जर्मन शेफर्ड. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी सोळाशेहून अधिक मोठ्या कुत्र्यांवर लक्ष ठेवून २००० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये वाढतं वय, आईबाप किंवा सख्ख्या भावंडाला हा आजार झालेला असणं, भरभर खाणं, आणि उंचावर ठेवलेलं भांडं, या गोष्टी निघाल्या. शेवटची वाचून मी चमकले. कारण दुकानात मोठ्या कुत्र्यांसाठी ‘मान वाकवावी लागू नये’ म्हणून उंच स्टँडवरची भांडी मुद्दाम विकायला ठेवलेली असतात. मानेचा किंवा घशाचा काही आजार असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी; नाहीतर मोठ्या कुत्र्याचं भांडं जमिनीवरच बरं.

तेव्हा राजा आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने मोठा वाडगाभर जेवण चाळीस सेकंदांत संपवलेलं पाहिलं, तेव्हा घरात कोणी हसलं नाही.

आता आजीबद्दल सांगायला हवं, कारण घरातली खरी अडचण भांड्याची नव्हती, तिच्या मनाची होती. आजी शहाऐंशी वर्षांची आहे. तिच्या दृष्टीने कुत्र्याला खाऊ घालणं ही पूजा आहे. आणि उज्जैनमध्ये हे म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. शिप्रेकाठी भैरवगढला काळभैरवाचं देऊळ आहे, आणि काळभैरवाचं वाहन म्हणजे कुत्रा. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे असतात. खंडोबाच्या बरोबरही कुत्रा असतो. आपल्या पंचांगाप्रमाणे कार्तिक वद्य अष्टमीला कालभैरव जयंती येते. शेजारच्या मालवी कुटुंबांसाठी तोच दिवस अगहन महिन्यातला, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. तिथी एकच, नाव दोन. त्यानंतर तेरा-चौदा दिवसांनी चंपाषष्ठी. म्हणजे दोन आठवड्यांत आमच्या कुत्र्यांना दोनदा मेजवानी. लहानपणापासून हे पाहत आलेल्या बाईला जेव्हा नात म्हणते, की याचं जेवण आता अडथळ्यांच्या भांड्यात वाढायचं, तेव्हा तिला काय वाटेल?

“अगं, मुक्या जिवाला ताटावर बसवून कोडी घालायची का?” ती म्हणाली. “पाहुण्याला वाढून त्याच्या पानाभोवती कुंपण घातल्यासारखं आहे हे.”

मी तिला टायगरची आठवण करून दिली नाही. ती तिला माझ्यापेक्षा जास्त होती. मी एवढंच म्हटलं, की आपण महिनाभर करून बघू, आणि तूच शेजारी बसून बघ.

पुण्याच्या मावसभावाकडे असे तीन-चार प्रकारचे वाडगे होते. त्याने ते वापरून पाहायला पाठवले. मी मोबाइलवर घड्याळ लावून वहीत लिहायला सुरुवात केली. आधीचे तीन दिवस नेहमीच्या भांड्यात कोणाला किती वेळ लागतो ते, आणि मग प्रत्येक वाडग्यात किती लागतो ते. तुम्हीही हे करणार असाल तर हाच क्रम ठेवा. आधीचा वेळ माहीत नसेल तर नवीन भांड्याने काय साधलं ते कळत नाही. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की मिनिटभराचं जेवण पाच ते दहा मिनिटांवर गेलं तरी पुष्कळ झालं. अर्धा तास लावायची गरज नाही.

महिनाभरात जे कळलं ते असं. पहिली गोष्ट, भांडं कुत्र्याच्या नाकाप्रमाणे निवडायचं असतं, जातीच्या नावाप्रमाणे किंवा पाकिटावरच्या चित्राप्रमाणे नाही. राजाचं तोंड लांब, म्हणून खोल खाचा आणि उंच उंचवटे त्याला चालतात. चिंगीचं नाक चेहऱ्यातच बसलेलं. खोल वाडग्यात तिचं तोंड पोचतच नाही. ती नुसती घुरघुरते, धापा टाकते. शिवाय पगचे डोळे बाहेर आलेले असतात, उंच कडा डोळ्याला लागायची भीती. तिला उथळ आणि पसरट भांडं हवं, ज्याचे उंचवटे बोटाच्या एका पेराएवढेही नसतील. सिलिकॉनची चाटायची चटई मिळते, तीही अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना बरी.

दुसरी गोष्ट, सगळं जेवण उंचवट्यांच्या खाली मावलं पाहिजे. हे कोणी सांगत नाही. वाडगा लहान असेल आणि अन्नाचा ढीग उंचवट्यांच्या वर आला, तर कुत्रा वरचं सगळं आधीसारखंच गिळतो आणि फक्त तळातलं शेवटचं थोडं हळू खातो. वेळ वाढलेला दिसतो, पण घाई तशीच राहते. राजाच्या बाबतीत मधल्या मापाच्या वाडग्यात नेमकं हेच झालं. म्हणून मोठ्या कुत्र्याला भांडं मोठंच घ्यावं, आणि दिवसाचं जेवण दोन-तीन वेळांत वाटून द्यावं. ते तसंही चांगलं. एकाच वेळी भलं मोठं जेवण देणं हे ब्लोटच्या दृष्टीनेही वाईटच.

तिसरी गोष्ट म्हणजे अन्न कोणतं. हे वाडगे मुळात कोरड्या दाण्यांसाठी बनवलेले आहेत. दाणे खाचांतून घरंगळतात, जिभेने सरकतात. आपल्या घरी मात्र कुत्र्याला अर्धं जेवण आपल्या स्वयंपाकातलं असतं: पोळी, भात, ताक, उकडलेलं चिकन, लाल भोपळा. भिजलेली पोळी अरुंद खाचेत गेली की तिचा लगदा होऊन बसतो. कुत्रा तो काढू शकत नाही, चिडतो, आणि मग कडा चावायला लागतो. असं जेवण देत असाल तर रुंद खाचांचं, कमी वळणांचं भांडं घ्या. पोळीचे तुकडे करण्याऐवजी कुस्करून भातात मिसळा. दुधापेक्षा ताक बरं, कारण बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही.

चौथी गोष्ट, भांडं कशाचं आहे. प्लॅस्टिकचं हलकं आणि स्वस्त, आकारही भरपूर. पण चावणाऱ्या कुत्र्यासमोर ते टिकत नाही. ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत अन्न आणि जंतू राहतात. चिनी मातीचं जड, सरकत नाही, धुवायला सोपं, पण फुटलं की संपलं. स्टीलचं सगळ्यात टिकाऊ आणि स्वच्छ, फक्त आकार कमी मिळतात, बहुतेक वेळा मध्ये एक मोठा फुगवटा एवढंच. राजाला शेवटी स्टीलचंच घेतलं. खालून रबर आहे का ते नक्की बघा. आमच्या गुळगुळीत फरशीवर रबर नसलेला वाडगा राजा अख्ख्या ओसरीभर ढकलत नेतो, आणि मग जेवणाची शर्यत होते. मालव्यातल्या उन्हाळ्यात खाचांत राहिलेलं ताक-भात दुपारपर्यंत आंबतं, म्हणून प्रत्येक जेवणानंतर जुन्या टूथब्रशने भांडं घासायचं. ज्या भांड्याच्या खाचांत टूथब्रश जात नाही ते घेऊच नका.

हे सगळं एका कुत्र्याच्या घरालाही लागू आहे. एकापेक्षा जास्त कुत्रे असतील तर खरी परीक्षा पुढे आहे. समजा, तुम्ही फक्त घाई करणाऱ्यालाच भुलभुलैया दिलात. आता तो आठ मिनिटं जेवतो, आणि आधी त्याच्याहून हळू असलेला दुसरा चार मिनिटांत संपवून रिकामा उभा. रिकामा कुत्रा दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो. जेवणाऱ्याला ते जाणवतं, तो अंग ताठ करतो, डोकं भांड्यात आणखी खाली घालतो, कधी ओठ वर उचलतो. म्हणजे ज्याला शांतपणे जेवायला लावायचं होतं त्याला आपणच पहारा द्यायला लावलं. कित्येक घरांत भांडणं अशीच सुरू होतात, आणि लोक म्हणतात, ‘नवीन भांड्यापासून हा बिघडला.’

म्हणून अनेक कुत्र्यांच्या घरात भांडी सारखी असण्यापेक्षा उठण्याची वेळ सारखी असणं महत्त्वाचं. वहीतले आकडे इथे उपयोगी पडले. राजाला स्टीलच्या फुगवट्याच्या वाडग्यात सात मिनिटं लागतात, चिंगीला उथळ ताटलीत सहा, आणि मोतीला साध्या पसरट ताटात आठ. मोतीला भुलभुलैया दिलाच नाही. त्याचे दात गेलेत, हिरड्या नाजूक आहेत, तो तसाही हळूच खातो. म्हाताऱ्या कुत्र्याला, आजारातून उठलेल्याला, किंवा जो मुळातच निवांत जेवतो त्याला अशा भांड्याची गरज नसते. सगळ्यांना एकसारखं वाढणं म्हणजे न्याय, असं आपल्याला वाटतं. पण पंगतीतही दात नसलेल्या आजोबांना आपण चकलीऐवजी शिराच वाढतो ना?

वेळ जुळवूनही जागा वेगळ्या हव्यातच. आमच्याकडे राजा मागच्या मोरीपाशी, चिंगी स्वयंपाकघराच्या दाराआड, मोती अंगणात. एकमेकांचं तोंड एकमेकांना दिसत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना एवढी जागा नसते हे मला माहीत आहे. तिथे एक दार लावून घेतलं, लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावलं, किंवा सोफा मध्ये घेतला तरी चालतं. मुद्दा नजर तुटण्याचा आहे. वाढताना क्रम रोज तोच ठेवायचा. भांडी एकदमच उचलायची, रिकामी भांडी जमिनीवर ठेवायची नाहीत, कारण रिकाम्या भांड्यावरूनही भांडण होतं. पाण्याचं भांडं मात्र कायम भरलेलं, आणि तेही एकापेक्षा जास्त ठिकाणी. जेवणारा कुत्रा गुरगुरला तर त्याला रागावू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती बंद केली तर पुढच्या वेळी तो सूचना न देताच चावतो. आणि घरात लहान मुलं असतील तर कुत्र्यांचं जेवण होईपर्यंत त्यांना दुसऱ्या खोलीत ठेवा, कुत्रा कितीही गरीब असला तरी.

आमच्या फाटकाशी गल्लीतले आणखी दोघे येतात. मोतीचे जुने सोबती. त्यांना पूर्वी आजी तिथेच पोळी टाकायची. फाटकाच्या आत तीन आणि बाहेर दोन असे पाच जण एकमेकांना पाहत जेवायला लागले की आतल्यांची घाई दुप्पट होते. हे वहीत स्पष्ट दिसलं. आता बाहेरच्यांना आमची तीन जेवून आत गेल्यावर, कॉलनीने ठरवलेल्या कोपऱ्यात नेऊन वाढतो. सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्याऐवजी त्यासाठी नेमून दिलेल्या जागीच घालावं असं सांगितलं आहे. शेजाऱ्यांशी होणारी कुरबूर त्याने बरीच कमी झाली.

भांडं विकत घेणं जमत नसेल, किंवा आधी करून बघायचं असेल, तर स्वयंपाकघरातच पुष्कळ काही आहे. परातीत मधोमध एक जड स्टीलची वाटी पालथी ठेवा आणि भोवती जेवण पसरा. कुत्र्याला गोल फिरत खावं लागतं. बिडाचं जुनं अप्पेपात्र असेल तर त्याच्या एकेका खळग्यात थोडं थोडं घाला. कोटिंग असलेलं मात्र नको, नखांनी आणि दातांनी ते निघतं. कोरडे दाणे असतील तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून द्या. नाकाने शोधून खाण्यात कुत्र्याचा वेळही जातो आणि डोकंही थकतं. काही जण वाडग्यात मोठा गोटा ठेवायला सांगतात. तो कुत्र्याच्या तोंडात मावणार नाही एवढा मोठा असला तरच, आणि चावायची सवय असलेल्याला मुळीच नाही, दात तुटतात. मात्र टॉवेल किंवा परात एकेकट्यालाच. तीन कुत्र्यांना मिळून एक टॉवेल दिला तर ती पंगत राहत नाही, कुस्ती होते.

आजीचं काय झालं, ते राहिलंच. ती ठरल्याप्रमाणे रोज खुर्ची टाकून बसली. पहिले चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “हा मधेमधे श्वास घेतोय बघ.” राजा खरंच थांबत होता, मान वर करत होता, आमच्याकडे बघत होता. आधी तो जेवताना कोणाकडे बघतच नसे. त्यानंतर तिने स्वतःच एक बदल सुचवला, तो मला सुचला नव्हता. मोती ताटातलं एका बाजूचं खातो आणि दुसऱ्या बाजूचं ठेवतो, हे तिच्या लक्षात आलं. डॉक्टरांना दाखवलं तर डावीकडच्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता. दाढ काढली, आणि तो पुन्हा ताट पुसून जेवायला लागला. हळू जेवणाऱ्या कुत्र्याकडे आपलं लक्ष जात नाही, कारण तो त्रास देत नाही. शेजारी बसून पाहणारं कोणीतरी असलं की अशा गोष्टी कळतात. भांड्याने ते काम होत नाही.

चंपाषष्ठीला तिने मला हाक मारली. खंडोबाच्या नैवेद्याचं वांग्याचं भरीत आणि रोडगा तयार होता, आणि बाजूला तीन छोटे गोळे वेगळे काढले होते, कांद्याची पात न घातलेले. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी नष्ट करतो, हे मी तिला एकदा सांगितलं होतं. शिऱ्यातल्या बेदाण्यांनी त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, हेही. तिने लक्षात ठेवलं होतं. राजाचा गोळा तिने वाडग्याच्या फुगवट्याभोवती बोटाने पसरवून लावला. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, “देवाचं आहे म्हणून काय घाईघाईने गिळायचं?”

शेवटी काही गोष्टी, ज्या कुठल्याही भांड्याने होत नाहीत. शांतपणे जेवणारा कुत्रा अचानक हपापल्यासारखा खायला लागला तर आधी डॉक्टरांकडे जा. जंत, मधुमेह, कुठलंतरी औषध, यांपैकी काहीही असू शकतं. हळू जेवण्याने ब्लोटचा धोका कमी व्हायला मदत होते, पण तो संपत नाही. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं जठर टाके घालून जागेवर बसवण्याची शस्त्रक्रिया असते, गॅस्ट्रोपेक्सी. नसबंदीच्या वेळीच ती करून घेता येते; तुमच्या डॉक्टरांना विचारा. राजाची आम्ही करून घेतली आहे. जेवणानंतर तासभर तरी पळापळ नको.

आणि कोरडी ओकारी, ताणलेलं पोट, गळणारी लाळ, सैरभैर होणं, ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघू नका, घरगुती उपाय करू नका, फोन करतच गाडी काढा. रात्री शस्त्रक्रिया कुठे होते, हे आजच विचारून ठेवा. उज्जैन, देवास, रतलामसारख्या गावांत राहणाऱ्यांना बहुधा इंदूरच गाठावं लागतं. महूला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तेही इंदूरच्या पलीकडे. आमच्या फ्रीजवर तीन फोन नंबर मोठ्या अक्षरात चिकटवलेले आहेत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढ्या मोठ्या. वाडगा घ्यायला दुकानात जाल तेव्हा परत येताना एक मार्कर पेनही घ्या.